काठापासून एक वीत

खलील मिस्त्री ट्रकच्या शिटा शिवतो
चौसाळ्याच्या नाक्यावर, पंक्चरवाल्याला लागून.
मेथीला मी त्याच्या बाकड्यावर उभी केली
तेव्हा त्यानं टेप काढला, लग्नाच्या कोटाला काढावा तसा,
आणि पुढच्या पायांमागून, बरगड्यांवरून फिरवला.
"सव्वीस," म्हणाला. "वर दोन बोटं, दम घ्यायला."

मेथी कारवानी. नऊ महिन्यांची.
उभी राहिली की पोटाखालून अख्खा तालुका दिसतो.

जीप माझी बिनटपाची, दारंही नाहीत.
पठारावर पवनचक्क्यांची रात्रपाळी :
बेचाळीस मनोरे, आत तांब्याच्या केबली,
आणि त्या कापायला येणारे.
रस्ता म्हणावा असा नाहीच. मुरूम, नाळी, उघडे खडक.
मागं कुत्रं लागतंच.
आधी त्याचे कान, मग माझी बॅटरी.

गोफणला मी बांधत नव्हतो.
मागच्या फळकुटावर उभा राहायचा तो,
कान उलटे, जीभ वाऱ्यावर,
आणि नाक्यावरची पोरं म्हणायची,
काय रुबाब हाय काका!
रुबाब माझा.
तोल सांभाळायचा त्यानं.

एकदा ससा आडवा गेला आणि तो उडाला.
नाव ठेवताना हे सुचलं नव्हतं.
मागचा पाय दीड महिना बांबूच्या कामट्यांत.
मग मी शहाणा झालो, म्हणजे अर्धा :
गळ्यातल्या पट्ट्याला सुंभ, सुंभ हुकाला,
आणि सुंभ चांगलं ऐसपैस,
बिचाऱ्याला हलता यावं म्हणून.

एकोणतिसाव्या मनोऱ्याचं वळण.
मी पुढं बघत होतो.
पत्र्यावर काहीतरी घासत होतं,
मला वाटलं, गाडीच.

त्याच्यापुढचं कुणाला सांगितलं नाही.
खलीलनं विचारलं, "आधीचं कसं बांधलं होतं?"
माझा हात माझ्याच गळ्याकडं गेला.
त्यानं मान खाली घातली, सुईत दोरा ओवला.
बराच वेळ ओवत राहिला.

भंगारातल्या ट्रकचा सीटबेल्ट, ताडपत्रीचं बक्कल,
छातीवर आतून जुन्या वाकळेचा तुकडा.
"गळा हाक मारायला," तो म्हणाला, "वजन छातीनं पेलायचं.
माझा आजा टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचा बीडला.
घोड्याला कधी गळ्यानं ओढताना बघितलं का?"

मग साठीचा हा माणूस
जीपमध्ये चढला आणि गुडघ्यांवर, पंजांवर बसला.
मान डावीकडं काढून बघितली, उजवीकडं काढून बघितली.
पंक्चरवाला हसायला लागला.
"हसतो काय? ये की, तू बस!
...इथं ठोका कडी. मधोमध. तळाला.
बसता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे,
आणि काठापासून एक वीत अलीकडं
पट्टा संपला पाहिजे."
खाली उतरल्यावर गुडघे झटकत म्हणाला,
"पत्रा तापतो. पोतं भिजवून टाका खाली.
अन् थांबलात की आधी तिला सोडा,
मग तुमचं मुतणं."

त्याच रात्री, एकोणतीसला,
तितर फडफडलं.
मेथी सुटली, म्हणजे सुटायला गेली.
कडी टणकन वाजली.
मी ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं, मागं वळायला
थोडा वेळ लावला.

ती चारी पायांवर होती.
काठाच्या आत, एक वीत,
आणि माझ्याकडं अशी बघत होती
जसा तिच्या तोंडचा घास मीच काढलाय.
वर पातं फिरत होतं, भुप्, भुप्.
भुंक, मी म्हटलं, शिव्या दे, मोठ्यानं दे.
तिनं दिल्या.

पैसे घेताना खलीलनं
उरलेली पट्टी गुंडाळून हातात ठेवली होती.
चांगली चार हात आहे.
एका कुत्र्याला एवढी कशाला, मी विचारलं,
तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.
माझ्या शिटाखाली पडून आहे ती.
माझी शीट त्यानं नीट बघितली असणार.